बेचाळीस वह्या आणि एक थंड आरसा

कॉलेजच्या सभागृहात त्या शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. साडेचारशे खुर्च्यांच्या जागेत सहाशे माणसं कोंबली होती आणि खुर्ची न मिळालेली भिंतीला पाठ लावून, पायऱ्यांवर, दारात, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभी होती. एरवी पालकसभा म्हटली की ज्यांची तब्येत नेमकी त्याच दिवशी बिघडते, ते सगळे आईबाप आज ठणठणीत होऊन आले होते. आपली पोरं आपल्या मागे काय उद्योग करतात, हे आज त्यांना एक आरसा सांगणार होता.

व्यासपीठावर काळ्या मखमलीनं झाकलेली पत्र्याची पेटी होती आणि पेटीमागे दर्पण महाराज. पांढरेशुभ्र कपडे, मऊ आवाज आणि समोरच्याला आपण आरपार दिसतोय असं वाटायला लावणारी नजर.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "माणूस तोंडानं खोटं बोलतो, डोळ्यांनी खोटं बोलतो. पण श्वास? श्वासाला खोटं बोलता येत नाही. तो थेट आत्म्याकडून येतो. मध्ये कुठेही थांबत नाही!"

मध्ये फुफ्फुसं नावाचा एक थांबा लागतो, हे सांगायला जीवशास्त्र विभागातलं कोणी उठलं नाही. विभागप्रमुख पहिल्याच रांगेत हात जोडून बसले होते.

शिष्य यादीतून नाव पुकारायचा. "ही नावं आम्ही निवडलेली नाहीत," महाराज दर वेळी सांगायचे. "दर्पणानं मागितली आहेत." नाव निघालेलं पोरगं वर जायचं. शिष्य पेटीतून बशीएवढा आरसा काढायचा, त्यावर कोरडं फडकं हलकेच फिरवायचा आणि मुलाच्या तोंडासमोर धरायचा. कॅमेऱ्यामुळे तो आरसा मागच्या पडद्यावर भिंतीएवढा दिसायचा. मुलानं 'हाऽ' करून श्वास सोडला की आरसा धुरकट व्हायचा आणि त्या धुरकटात, सहाशे माणसांच्या डोळ्यांदेखत, एक शब्द उमटायचा.

पहिल्या मुलीच्या श्वासात 'अंगठी' उमटलं. ती किंचाळून खालीच बसली. मावशीची हरवलेली अंगठी कुठे गेली, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं. दुसऱ्याच्या श्वासात 'सही' उमटलं आणि त्याचे वडील खुर्चीतून उठले ते त्याला मारायलाच. तिसरा आला बंडल. हे त्याचं वर्गातलं नाव, आणि ते त्यानं स्वकष्टानं कमावलं होतं; थापा मारण्यात त्याचा हात धरणारं कॉलेजात कोणी नव्हतं. त्याच्या श्वासात उमटलं 'भाऊ'.

महाराजांनी डोळे मिटले. "गच्ची दिसते मला. कोपऱ्यात ती टीव्हीची छत्री. दोन लहान मुलं खेळताहेत. एक दुसऱ्याला ढकलतो, आणि आळ येतो घरकाम करणाऱ्या बिचाऱ्या बाईवर. खरं ना, बाळ?"

बंडल घळाघळा रडायला लागला. कोणीतरी हुंदका दिला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग टिकटिकचं नाव पुकारलं गेलं.

ही पहिल्या बाकावरची मुलगी. विचार करताना तिच्या बोटांत पेनाचं बटण सारखं वाजत राहायचं, म्हणून वर्ग तिला टिकटिक म्हणायचा. तिनं इतका हळू श्वास सोडला की आरसा जेमतेम धुरकटला. पण शब्द स्पष्ट होता. 'दार'.

"दुपार आहे," महाराजांचा आवाज खाली आला. "एक म्हातारा जीव अंथरुणाला खिळलाय. हाक मारतोय. एकदा, दोनदा, पाचदा. आणि तू पुस्तकातून उठलीस, बाळ. उठलीस आणि मधलं दार लावून घेतलंस."

पाचव्या रांगेत तिचे वडील उभे राहिले. "अण्णांनी हाक मारली होती? तू तर म्हणालीस ते झोपेतच गेले!"



"गेलेत कुठे ते?" महाराज म्हणाले. "तिच्या मागेच उभे आहेत. अजून हाक मारताहेत."

सहाशे माणसांनी एकदम तिच्या मागे पाहिलं. तिनं मात्र मान वळवली नाही. तिची छाती झाली नाही, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

उपायही तिथल्या तिथे निघाला. मुलीनं शिक्षण सोडून तीन वर्षं महाराजांच्या आश्रमात, विवेकधामात, सेवा करायची आणि त्या तीन वर्षांत घरच्यांचं तोंड पाहायचं नाही. पुढच्या शनिवारी याच सभागृहात 'समर्पण' होईल. वडिलांनी हात जोडून मान डोलावली.

बाजूच्या रांगेत प्राध्यापकांमध्ये नीतिशास्त्राच्या बाई बसल्या होत्या. ते दार त्यांनी दोन महिन्यांपूर्वी वाचलं होतं. निळ्या शाईत, चौथ्या पानावर.

बाई दुसऱ्या वर्षाला 'नीती आणि निर्णय' हा पेपर शिकवायच्या. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या घोकून कोणी शहाणं होत नाही, हे त्यांना पंचवीस वर्षांत पुरेपूर कळलं होतं. म्हणून त्या एक वही लिहून घ्यायच्या. "मला उपदेश नकोत," त्या वर्गात सांगायच्या. "तुम्ही घेतलेला एक चुकीचा निर्णय लिहा. खरा. तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत असूनही टाळलं, कोणाला भोगावं लागलं. वहीवर नाव घालू नका. चिठ्ठी उचला आणि तिच्यावरचा आकडा घाला. मी वाचून वही परत देईन. दुसऱ्या कोणाच्या नजरेला ती पडणार नाही."

मुलांनी लिहिलं. बेचाळीस वह्या आल्या. काही तर अशा की वाचताना बाईंना मध्येच उठून खिडकीशी जावं लागलं.

पण बिनमार्कांचं काम म्हटलं तर पोरं एक ओळ लिहिणार नाहीत, म्हणून बाईंनी वहीला दहा मार्क ठेवले होते. मार्क द्यायचे तर कुठला आकडा कोणाचा हे कळायला हवं. म्हणून हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बेचाळीस आकडे आणि त्यांच्यासमोर बेचाळीस नावं, बाईंच्या सुवाच्य अक्षरात! पुढे तपासणी समिती येणार म्हणून कार्यालयानं 'विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने' मागितले, आणि वह्या परत करायच्या राहून गेल्या. वह्या आणि हजेरीपत्रक एकाच कपाटात ठेवून बाईंनी किल्ली प्राचार्यांच्या हवाली केली. बेचाळीस पोरांनी बाईंवर विश्वास टाकला आणि बाईंनी तो सरकारी पद्धतीनं फायलीला लावला.

सोमवारी सकाळी त्यांनी किल्ली मागून घेतली आणि कपाट उघडलं. वह्या होत्या. पण बाईंनी त्या एक ते बेचाळीस अशा लावून ठेवल्या होत्या, आणि आता सगळ्यांत वर सतरा नंबरची होती. टिकटिकची.

यापुढचं सांगायला जड जातं, पण सांगायला हवं. बाईंनी त्या वहीकडे पाहिलं आणि स्वतःला समजावलं: आपणच कधीतरी काढली असेल. पोरगी मैत्रिणीपाशी बोलली असेल. उगाच काहीबाही बोललो, तर पहिला प्रश्न येईल की नाव नसलेल्या वहीवरून नाव कळलंच कसं? आणि त्याचं उत्तर त्यांच्याच अक्षरात तिथे पडलं होतं. बाईंनी वही खाली सरकवली आणि कपाट लावून टाकलं. वर्गात जाऊन त्यांनी त्या दिवशी 'नैतिक धैर्य' हे प्रकरण शिकवलं.

"बाई, तुमच्या पेपरनं दहा वर्षांत जमलं नाही, ते महाराजांनी एका दुपारी करून दाखवलं," प्राचार्य स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. "पोरं रांगा लावून कबुली देताहेत. पुढच्या वर्षी तुमच्या तासांऐवजी महाराजांचं हे शिबिरच ठेवावं म्हणतो."

बाई कसनुसं हसल्या.

गुरुवारी कळलं की टिकटिक रुग्णालयात आहे. पाच दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. बाई गेल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाताला सलाइन लावलेलं. उशाशी तिची आई बसली होती. आईनं सांगितलं, "शनिवारी सकाळी सोडतील. इथूनच परस्पर सभागृहात न्यायचं ठरलंय. हे तर तिच्याशी बोलतसुद्धा नाहीत." मग पदर डोळ्यांना लावून त्या पाणी आणायला गेल्या.

टिकटिक कूस न वळवता म्हणाली, "मॅडम, मी वहीत लिहायला नको होतं ना?"

"का गं?"

"घरी सांगितलं नाही आणि तुम्हाला सांगितलं. म्हणून आजोबांना राग आला. म्हणून ते महाराजांकडे गेले." तिनं चादर कानावर ओढली. "मला आता सारखी हाक ऐकू येते. डोळे मिटले की येते."

बाईंना तिथे बसवेना. तिच्या डोक्यावर हात ठेवण्याचाही धीर होईना. त्या उठून बाहेर आल्या आणि तोंड धुवायला जागा शोधत अवजारं उकळायच्या खोलीच्या दारात पोचल्या.

"या ना मॅडम, इथलं बेसिन वापरा," आतली सिस्टर म्हणाली. "तुम्ही ओळखलं नाहीत मला. तुमच्या वर्गातल्या त्या बडबड्याची आई मी. पाच दिवस झाले, कार्टं घुम्यासारखं बसून असतं. कॉलेजात काही झालंय का हो? शिबिराच्या दिवशी माझी ड्यूटी होती. विचारलं तर म्हणतो, छान झालं."

बंडलची आई! बाईंनी शब्द जपून वापरले. "लहानपणीचं दुःख असं मध्येच वर येतं, सिस्टर. आणि तुमच्यावरही केवढा प्रसंग गुदरला. पोटचं पोर जायचं म्हणजे..."

"कोणाचं पोर?"

"तुमचा दुसरा मुलगा. तो गच्चीवरून..."

"अहो मॅडम!" सिस्टर हातातलं सोडून वळली. "आमच्या चाळीसारख्या घराला गच्ची कुठली? आणि मुलगा मला एकच. एवढा एकच पुरे झालाय."

त्याच वेळी मागच्या यंत्रानं शिट्टी दिली, सिस्टरनं झाकण उघडलं आणि खोलीभर वाफ पसरली. बेसिनवरचा लखलखीत आरसा धुरकट झाला. धुरकटात अक्षरं उमटली: 'कात्री जागेवर ठेव, भवाने.'

"हे काय?" बाईंचा आवाज चिरका निघाला.

सिस्टर हसली. "आमच्या पोरींचे चाळे. ओल्या साबणाचं बोट फिरवायचं आणि वाळलं की कोरड्या फडक्यानं हलकं पुसायचं. एरवी काही दिसत नाही. साबणावर वाफ धरत नाही ना, मग वाफ आली की तेवढाच भाग चकचकीत राहतो. आरसा गार असला तर आणखी छान दिसतं."

गार. शनिवारी व्यासपीठावरच्या त्या पत्र्याच्या पेटीखालून पाणी ठिबकत होतं आणि शिपाई दोनदा फडकं मारून गेला होता, हे बाईंना आत्ता आठवलं.

अंगठी खरी होती, सही खरी होती, दार खरं होतं. त्यांच्या आड लपता येत होतं. पोरं कोणापाशी तरी बोलली असतील, असं म्हणता येत होतं. पण जन्मालाच न आलेला भाऊ जगात एकाच ठिकाणी मेला होता. नऊ नंबरच्या वहीत. आता बाईंना लपायला जागा उरली नव्हती.

शुक्रवारी तास संपल्यावर त्यांनी बंडलला रिकाम्या वर्गात थांबवून घेतलं.

"वहीतला भाऊ कुठून आणलास?"

बंडलनं बूट जमिनीवर घासले. "मॅडम, माझ्या हातून भारी असं काही घडलंच नव्हतं. बसमध्ये एका आजींना जागा दिली नाही, एवढंच. त्यात चार पानं भरेनात."

"आणि रडलास कशाला?"

"मला वाटलं, महाराजांनी माझी थाप पकडली. मग लक्षात आलं, त्यांना थापच खरी वाटलीये! पण तोवर लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हा कसं सांगणार?"

"आणि नंतर?"

"नंतर कसं सांगू? नऊ मार्क दिलेत तुम्ही. मार्क लावलेत त्या यादीत 'अत्यंत प्रांजळ' असा शेरा मारलाय."

दुसरा कुठला दिवस असता तर बाई पोट धरून हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "टिकटिकला उद्या घेऊन जाणार आहेत. तीन वर्षं. ती रुग्णालयात आहे."

"माहितीये. आईनं सांगितलं." त्यानं डस्टर उचलून फळा पुसायला घेतला. "मी बोललो तर नापास होशील म्हणाल. नीतीच्याच पेपरात फसवणूक."

"शून्य मिळेल. दहापैकी."

"आणि तुम्हाला काय होईल?"

"तुझ्याहून वाईट. यादी मी ठेवली. वह्या परत देईन म्हणाले आणि दिल्या नाहीत. आणि सोमवारीच मला सगळं दिसलं होतं, तरी गप्प बसले. तू थापाड्या, पण मी तर शिकवते!" बाईंनी खडू खाली ठेवला. "तुझं तू ठरव. मी तुला बोल म्हणणार नाही. मी मात्र उद्या बोलणार आहे."

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. पहिल्या रांगेत टिकटिक आई आणि वडिलांच्या मध्ये बसली होती. वडिलांच्या मांडीवर तिच्या कपड्यांची बॅग होती. महाराज उठायच्या आत बाई व्यासपीठावर चढल्या. त्यांच्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता.

"महाराज, दर्पणानं माझं नाव मागितलेलं नाही. पण आज माझाच आरसा आहे." त्यांनी डबा उघडला, बर्फावर पालथ्या ठेवलेल्या वाटीवरचा छोटा आरसा उचलून हलकेच कोरडा केला आणि प्राचार्यांसमोर धरला. "सर, जरा श्वास सोडा."

सहाशे माणसांसमोर नाही म्हणणार कसं? प्राचार्यांनी हसत हसत 'हाऽ' केलं. पडद्यावर शब्द उमटला: 'कपाट'.

प्राचार्यांचं हसू जागीच विरलं. "हे... हे कोणी लिहिलं?"

"मी. आज सकाळी, साबणानं." बाई सभागृहाकडे वळल्या. "घरी जाऊन तुम्हीही करून बघा. आरसा गार हवा, बाकी काही नको. पुण्य तर अजिबात नको."

खसखस पिकली. पण मागून एक बाप ओरडला, "शब्द कसा येतो ते कळलं. आमच्या पोरांच्या मनातलं त्यांना कळलं कसं ते सांगा!"

मग बाईंनी सांगितलं. वह्या, आकडे, दहा मार्क, हजेरीपत्रकाचं शेवटचं पान, कपाट आणि किल्ली. आपण सोमवारी काय पाहिलं आणि का गप्प बसलो, तेही सांगितलं. आवाज दोनदा फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. सभागृहात संताप उसळला. "तुम्हाला लाज नाही वाटत?" कोणीतरी ओरडलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

महाराज मात्र मुरलेले होते. ते दोन्ही हात उंचावून उभे राहिले. "पाहा! पाहा दर्पणाचा प्रताप! याच्या नुसत्या सान्निध्यानं गुरूच्या तोंडूनही पाप बाहेर पडलं!"

आणि टाळ्या पडल्या! अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं. माणसाला एकदा हात जोडायची सवय लागली की समोरचा पडला तरी तो साष्टांग नमस्कार वाटतो.

"मग पेटी उघडा!" एक तरुण प्राध्यापक पुढे धावला. "उरलेले आरसे नावं पुकारायच्या आधीच धुरकट करून दाखवू. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

बाई पेटीच्या आडव्या आल्या. त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं की असा पुरावा पुन्हा मिळणार नाही. "नाही. त्यात आणखी पोरांची गुपितं आहेत. ती मी एकदा सांडलीत, पुन्हा नाही." त्यांनी खांद्यावरची ओढणी बर्फाच्या पाण्यात बुडवली आणि पेटीतला एकेक आरसा काढून त्या खसाखसा पुसायला लागल्या. शिष्य ओढाताण करायला गेला, तर कोणीतरी त्याला धरलं.

"पुरावा पुसतेय! पापी बाई पुरावा पुसतेय!" महाराज गरजले. लोक पुन्हा त्यांच्या बाजूला झुकले, हे बाईंना पाठमोऱ्या असूनही जाणवलं. आता संपलं, असं त्यांना वाटलं.

"मला भाऊ नाहीये."

आवाज मधल्या रांगेतून आला होता. बंडल खुर्चीवर उभा होता.

"मला भाऊच नाहीये. कधीच नव्हता. मी वहीत थाप मारली होती. मार्कांसाठी."

महाराज मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, तो मागच्या जन्मीचा भाऊ."

"मागच्या जन्मी गच्चीवर टीव्हीची छत्री होती?"

आधी एक पोरगी फिसकन हसली. मग तिच्या मैत्रिणी, मग रांग, मग सगळं सभागृह. दारातून गणवेशातली सिस्टर ओरडली, "एकच आहे हो! मीच जन्माला घातलाय, मला एकपर्यंत मोजता येतं!" बाईंची कबुली महाराजांनी सहज पचवली होती. हे हसू मात्र त्यांना पचेना. ते काहीतरी शाप देत होते, पण तो कोणाला ऐकू गेला नाही. पाच मिनिटांत महाराज आणि शिष्य मागच्या दारानं पसार झाले. पेटी मात्र तिथेच राहिली, खाली पाण्याचं थारोळं घेऊन.

हसू ओसरलं तसे टिकटिकचे वडील उठले. ते एकटेच हसले नव्हते. "ते सगळं ठीक आहे, मॅडम. पण दार हिनं लावलं होतं ना? ते तर थाप नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे. पण ते तुमच्या वडिलांनी महाराजांना सांगितलं नाही. तिनं स्वतः लिहिलं. चार महिने एकटीनं वागवलं आणि मग लिहिलं. तिच्या मागे कोणी उभं नाही."

टिकटिकनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वळवून मागे पाहिलं. मागे दोन रिकाम्या खुर्च्या होत्या; त्यांवरचे लोक मघाच्या गोंधळात उठून गेले होते.

"मीपण लावायचे," तिची आई म्हणाली.

"काय?"

"दार. तुम्ही कामावर गेलात की. दिवसातून चाळीस चाळीस वेळा हाक मारायचे अण्णा. धावत जावं तर म्हणायचे, काही नाही, सहज. सहा वर्षं! मीपण लावायचे दार." तिचा आवाज एकदम चढला. "आणि रविवारी जेवल्यावर तुम्ही लावायचा. त्या दिवशी पाळी तिची होती, एवढंच."

वडील खाली बसले. बॅग मांडीवर तशीच होती. त्यांनी ती कोणाकडे दिली नाही, उघडलीही नाही. दोन्ही हातांनी नुसती धरून बसले. सहाशे माणसांपैकी किती जणांना आपापल्या घरातलं एखादं दार आठवलं, हे सांगायला तिथे आरसा नव्हता.

गोष्ट इथे गोड होत नाही. महाराजांवर तक्रार झाली, पण ते दुसऱ्या एका शहरात नव्या पेटीसह गर्दी जमवतात असं कानावर येतं. प्राचार्य 'प्रकृतीच्या कारणास्तव' रजेवर गेले. बाईंनी तक्रारीत स्वतःचंही नाव घातलं होतं, त्यामुळे त्यांना निलंबनाचं पत्र मिळालं. बंडलला दहापैकी शून्य मिळालं आणि शेऱ्यात 'या वेळी खरोखरच प्रांजळ' असं लिहिलेलं होतं. अंगठीवाल्या मुलीशी तिची मावशी अजून बोलत नाही.

कॉलेज सोडण्याआधी बाईंनी वह्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या, माफी मागून. हजेरीपत्रकाचं शेवटचं पान फाडून जाळलं. एकेचाळीस वह्या गेल्या. सतरा नंबरची न्यायला तिचे वडील आले.

त्यांनी वही हातात घेतली आणि उभेच राहिले. आठ दिवसांत ते म्हातारे दिसायला लागले होते. "मॅडम, मी बँकेत अधिकारी आहे. कागद तपासल्याशिवाय सही करत नाही. मग पोटची पोर द्यायला मी कसा तयार झालो?"

"शब्द बघून तुम्ही विचारलंत, हे खरं का? ते खरंच होतं, म्हणून तुम्ही हात जोडलेत," बाई म्हणाल्या. "विचारायचं होतं, याला हे कळलं कसं? कोणी सांगितलं, कुठून वाचलं, किल्ली कोणाकडे होती? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, पाप लागत नाही, पुण्यही लागत नाही. मलाही पोरांनी विचारायला हवं होतं, 'नाव घालू नका म्हणता, मग मार्क कोणाला देणार?' बेचाळीस पोरांपैकी एकानंही विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला सोयीचं होतं. ज्याला प्रश्न आवडत नाहीत, त्याच्यापासून पोरांना लांब ठेवा. तो महाराज असो की मास्तर."

वडिलांनी मान हलवली. वहीच्या पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला. "मी वाचू का ही?"

"तिची आहे. तिला विचारा."

त्यांनी वही न उघडता काखेत धरली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"काल तिनं पेन मागितलं," ते म्हणाले. "लिहिलं काही नाही. नुसती टिकटिक करत बसली होती. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो."